दुनह्वांगची गुंडाळी, पिंगुळीची पोथी

पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ‘पेलिओ चिनी ४५२४’ असा क्रमांक पडलेली कागदाची एक गुंडाळी आहे. रुंदी वीतभराहून थोडी जास्त, लांबी मात्र साडेपाच मीटरांच्या वर. एका अंगाला नुसती चित्रं, एकापुढे एक, सलग. दुसऱ्या अंगाला चिनी लिपीत कवनं, आणि ज्या चित्राचं कवन त्याच चित्राच्या पाठीवर. वाचकाच्या सोयीने पाहिलं तर हा उघड गाढवपणा आहे. चित्र बघावं तर मजकूर पलीकडे, मजकूर वाचावा तर चित्र पलीकडे. पण ही गुंडाळी वाचकासाठी केलेलीच नाही. ती हातात धरून उभ्या राहणाऱ्या माणसासाठी आहे. प्रेक्षकांच्या दिशेला चित्र, त्याच्या स्वतःच्या दिशेला गायचा मजकूर. अकराशे-बाराशे वर्षांपूर्वी चीनच्या वायव्य टोकाला कुणीतरी ती अशी उलगडत, गात, दाखवून झालेली गुंडाळत रात्र जागवत असणार.

चित्रांत काय आहे, ते आधी सांगतो, कारण गोष्ट आपल्याकडची आहे. श्रावस्तीचा सावकार अनाथपिंडिक बुद्धासाठी जेतवनाची बाग विकत घेतो. विरोधी पंथाचे लोक खवळतात आणि जाहीर सामना ठरतो. एका बाजूला बुद्धाचा शिष्य शारिपुत्र, दुसऱ्या बाजूला मायावी रौद्राक्ष. सामना सहा फेऱ्यांचा. रौद्राक्ष पर्वत उभा करतो, शारिपुत्राकडून वज्रधारी निघतो आणि त्याचा चुरा करतो. बैल येतो, त्याला सिंह फाडतो. तळं पसरतं, हत्ती ते सोंडेने पिऊन टाकतो. विषारी नाग उठतो, तर वरून गरुड झडप घालतो. भुतं धावून येतात, समोर वैश्रवण म्हणजे आपला कुबेर उभा. शेवटी रौद्राक्ष प्रचंड वृक्ष वाढवतो आणि शारिपुत्र वारा सोडतो. वृक्ष मुळासकट जातोच, शिवाय रौद्राक्षाच्या माणसांची दाणादाण उडते. नाग, गरुड, कुबेर, श्रावस्ती. लिपी चिनी, चेहरे चिनी, पण कोकणातल्या कुठल्याही आजीला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

आता पिंगुळीला या. कुडाळजवळचं हे गाव आज सिंधुदुर्गात असलं, तरी १ मे १९८१ रोजी जिल्हा वेगळा होईपर्यंत ते रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. इथला ठाकर समाज चित्रकथी सांगतो. एका कथेच्या चित्रांचा गठ्ठा म्हणजे पोथी. कथेकरी जमिनीवर बसतो, चित्र टेकवून उभं करतो, वीणा-टाळ-हुडुकाच्या साथीत त्या प्रसंगाचं गातो, बोलतो, मग पुढचं चित्र. सुरुवातीला गणपती, मग सरस्वती, मग रामायण-महाभारतातलं आख्यान. चित्रांतले चेहरे बहुतेक एका बाजूने काढलेले, नाक टोकदार, डोळा मात्र अख्खा आणि टपोरा. दोन सैन्यं समोरासमोर आली की डावीकडचे सगळे उजवीकडे बघतात, उजवीकडचे डावीकडे, आणि मधल्या जागेत बाणांची दाटी. इथेही कागदाच्या दोन अंगांची युक्ती आहेच, फक्त वेगळी. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. पान उलटलं की पुढचा प्रसंग. मजकूर कागदावर कुठेच नाही, तो सांगणाऱ्याच्या डोक्यात.

या दोन गोष्टी, पॅरिसमधली गुंडाळी आणि पिंगुळीची पोथी, शेजारी ठेवण्याचं काम अमेरिकेतले चिनी भाषेचे अभ्यासक व्हिक्टर मेअर यांनी केलं. त्यांचं जाडजूड पुस्तक १९८८ साली आलं आणि त्याचं म्हणणं थोडक्यात असं: चित्र दाखवत गोष्ट सांगण्याची जी परंपरा चीनमध्ये थांग काळात बहरली, तिचं मूळ भारतात आहे. बौद्ध धर्माबरोबर ती मध्य आशियातून तिकडे गेली. भारतात तिच्या शाखा अजून जिवंत आहेत, राजस्थानात पड, बंगालात पट आणि आपल्याकडे चित्रकथी. जावा बेटावरचं वायांग बेबेर, जपानचे चित्रं दाखवून प्रवचन करणारे भिक्षू, इराणातले पडदावाले, हे सगळे याच भावकीतले.

रत्नागिरीसारख्या गावात चिनी संस्कृतीवर व्याख्यान, चित्रपट आणि एखादा प्रयोग असा कार्यक्रम कुणी ठरवला, तर आयोजकांच्या डोळ्यांसमोर आधी लाल कंदील येतील, मग चहा, मग ड्रॅगन. माझ्या मते पहिला मान पिंगुळीकरांचा. यात कोकणाचा अभिमान वगैरे काही नाही. ज्या चीनची गोष्ट सांगायची, तिची एक वाट खरोखरच इथल्यासारख्या अंगणातून निघते. ती कशी, याचे पुरावे बघण्यासारखे आहेत.

सगळ्यात जुना धागा पतंजलीचा. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या महाभाष्यात व्याकरणाचा एक मुद्दा पटवताना तो सहज बोलून जातो, की कंसवध तर कधीचा होऊन गेला, तरी लोक तो चालू असल्यासारखं का बोलतात? उत्तरादाखल तो कंसवध ‘घडवणाऱ्यां’ची उदाहरणं देतो, त्यात चित्रं आहेत, कथा सांगणारे ग्रंथिक आहेत आणि शौभिक नावाचे खेळ करणारे आहेत. हे शौभिक नक्की काय करत, यावर पंडितांची शंभर वर्षं भांडणं चालू आहेत. कुणी म्हणतं नट, कुणी म्हणतं चित्रं दाखवणारे, कुणी म्हणतं सावल्यांचा खेळ. व्याकरणाच्या उदाहरणातून नाट्यशास्त्राचा इतिहास काढायचा म्हणजे असंच होणार.

बाणभट्टाकडे मात्र संदिग्ध काही नाही. सातव्या शतकातल्या हर्षचरितात वडील आजारी असल्याचं कळल्यावर हर्ष घाईघाईने राजधानीत परततो आणि बाजारात शिरताच त्याला यमपट्टिक दिसतो. डाव्या हाताने धरलेल्या काठीवर ताणलेलं कापड, त्यावर रेड्यावर बसलेला यम, उजव्या हातात बोरू, त्याने एकेक चित्र दाखवत परलोकात काय काय होतं ते तो सांगतोय, आणि भोवती पोरांचा गराडा. बाप मरणपंथाला लागलेल्या मुलाला नेमका यमच दिसावा, ही बाणाची योजना. आपल्याला त्यातून मिळतो तो एका खेळ करणाऱ्याचा चालता-बोलता फोटो. विशाखदत्ताच्या मुद्राराक्षसात तर चाणक्याचा हेर हाच वेश घेऊन घरोघर फिरतो. म्हणजे यमपट घेतलेला माणूस कुठल्याही दारात शिरला तरी कुणाला संशय येत नसे, इतका तो नेहमीचा. पुढे बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ रचला, त्यात चित्रकथक स्वतःच्या नावानिशी हजर आहे. सोमेश्वराच्या राज्यात आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग होता. पिंगुळीचे ठाकर त्याच माणसांचे थेट वंशज, असं मी म्हणणार नाही. नऊशे वर्षांची वंशावळ कुणाकडेच नसते. सावंतवाडीच्या भोसल्यांच्या आश्रयाने ही कला टिकली, इतकं मात्र पक्कं. धंदा तोच, हेही उघड आहे.

बाणाच्या याच काळात, त्याच हर्षाच्या दरबारात एक चिनी भिक्षू पाहुणा होता, ह्युएन त्संग. तो त्याआधी महाराष्ट्रातही येऊन गेला, साधारण ६४१ साली. इथला राजा दुसरा पुलकेशी. ह्युएन त्संगाने मराठी मुलखातल्या माणसांचं जे वर्णन केलं ते वाचून आजही हसू फुटतं, कारण ते पटतं. उपकार केले तर जन्मभर जाणणारी, अपमान केला तर जिवावर उदार होऊन सूड घेणारी, पण सूड घेण्याआधी शत्रूला कळवणारी. हरलेल्या सेनापतीला शिक्षा करत नाहीत, बायकी कपडे देतात. त्याला लाज इतकी वाटते की पुढचं तोच बघतो. लढाईआधी हत्तींना दारू पाजतात. आणि पूर्वेकडच्या डोंगरात खोदलेल्या एका विहाराचं वर्णनही तो करतो, दाराशी दगडी हत्ती असलेल्या. ते अजिंठ्याचं असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात.

हा माणूस ६४५ साली चीनला परतला तो ६५७ ग्रंथ घेऊन. वीस घोड्यांवर लादलेले. त्या खोगिरांवरच्या पेट्यांतून धर्म गेला, तर्कशास्त्र गेलं. यमपट दाखवणाऱ्यांची हातोटी मात्र पेटीत भरता येत नाही. ती त्याच्याही आधी आणि त्याच्या नंतरही, नाव न उरलेल्या भिक्षूंच्या, व्यापाऱ्यांच्या, भटक्यांच्या अंगातून गेली असणार. जिथे पोचली त्याची एक खूण दुनह्वांग.

दुनह्वांग म्हणजे वाळवंटाच्या कडेचं गाव. रेशमी मालाचे तांडे इथे थांबत. गावाबाहेर कड्यात बौद्ध लेणी खोदलेली. त्यातल्या एका लेण्याची भिंत पोकळ असल्याचं १९०० साली वांग युआनलू नावाच्या ताओ पंथी साधूला आढळलं. आत छोटी खोली, आणि ती छतापर्यंत हस्तलिखितांनी गच्च भरलेली, सुमारे पन्नास हजार. नऊशे वर्षं बंद. १९०७ मध्ये संशोधक ऑरेल स्टाइन आला, १९०८ मध्ये फ्रेंच अभ्यासक पॉल पेलिओ. दोघांनी साधूला देणगी देऊन गठ्ठेच्या गठ्ठे उचलले. चिनी लोक या व्यवहाराला अजून चोरीच म्हणतात, आणि त्यांचं चूक आहे असं म्हणणं कठीण. आपली सहा फेऱ्यांची गुंडाळी पेलिओच्या वाट्याची, म्हणून पॅरिसला.

त्याच ढिगात बियानवेन नावाच्या कथा निघाल्या. थोडं गद्य, थोडं पद्य, पुन्हा गद्य. पद्याच्या तोंडाशी हटकून एक ठरावीक प्रश्न येतो: हा प्रसंग कसा होता बरं? मेअर यांच्या मते इथे कथेकरी चित्राकडे बोट करत असे. मला हा त्यांच्या साऱ्या पुस्तकातला सगळ्यात सुंदर युक्तिवाद वाटतो, कारण चित्र हरवलं तरी बोट कागदावर राहिलंय. मौद्गल्यायन आपल्या आईला नरकातून सोडवतो ती कथा तिथे आहे, म्हणजे यमपटाचाच चिनी अवतार. पण हळूहळू विषय पूर्ण चिनी झाले. थांग काळातला एक कवी शू प्रांतातल्या, म्हणजे आजच्या सिछुआनच्या, एका बाईचा प्रयोग पाहून कविता लिहितो. बाई चित्रांची गुंडाळी उलगडत वांग झाओजुनची गोष्ट सांगते, हूणांच्या राजाला देऊन टाकलेल्या हान राजवाड्यातल्या स्त्रीची. बुद्ध नाही, नरक नाही. सांगणारीही भिक्षू नाही, बाजारात पोट भरणारी बाई.

इथवर मी मेअर यांच्यामागून डोळे मिटून जायला तयार आहे. पुढचा टप्पा सावल्यांचा, आणि तिथे मी जपून पावलं टाकतो.

पिंगुळीत चित्रकथीबरोबर कळसूत्री बाहुल्या आहेत आणि चामड्याच्या बाहुल्याही. पडदा, मागे दिवा, मधे बाहुली. चीनमध्येही चामड्याच्या सावल्यांचा खेळ आहे आणि तो २०११ पासून युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे. चिनी लोक त्याची कुळकथा हान सम्राट वू याच्यापर्यंत नेतात. लाडकी राणी गेली, सम्राट झुरू लागला, तेव्हा एका मांत्रिकाने रात्री पडद्याआड दिवे लावून तिची आकृती दाखवली. गोष्ट फार गोड आहे, पण तीत चामडंही नाही आणि बाहुलीही नाही. खात्रीचे उल्लेख अकराव्या शतकातले, सुंग काळातले, राजधानीच्या बाजारात तीन राज्यांच्या लढायांचे सावल्यांचे खेळ होत असल्याचे. मग हा खेळ इथून तिकडे गेला का? चित्रांच्या बाबतीत मिळाली तशी गुंडाळी इथे सापडत नाही. पैज लावायची तर मी लावणार नाही. दिवा, कापड आणि हात माणसाकडे सगळीकडेच होते.

पण खेळ चालतो कसा, ते जवळून पाहण्यासारखं आहे. उत्तर चीनमध्ये गाढवाचं किंवा बैलाचं कातडं घेतात, भिजवतात, ताणून बसवतात आणि दोन्ही अंगांनी तासत जातात. मग आकृती कोरायची, रंगवायची आणि वर तुंग नावाच्या झाडाच्या बियांचं तेल द्यायचं. या तेलात खरी गंमत आहे. भजीचा कागद तेलाने भिजला की पलीकडचं दिसू लागतं, तेच इथे होतं. सुक्या कातड्यात धाग्यांच्या मधे हवा असते. प्रकाश धाग्यातून हवेत, हवेतून धाग्यात असा उंबरठे ओलांडताना विखुरतो आणि कातडं पांढुरकं, अपारदर्शक दिसतं. तेल त्या फटी भरतं. प्रकाशाच्या दृष्टीने तेल आणि धागा यांत फारसा फरक नसतो, त्यामुळे उंबरठेच पुसले जातात आणि उजेड आरपार येतो. म्हणून चिनी सावली काळी नसते. लाल अंगरखा पडद्यावर लाल उमटतो, हिरवा हिरवा.

बाहुलीला सांधे असतात बारापासून चोवीसपर्यंत. काठ्या साधारण तीन, एक मानेशी, दोन हातांना. पाय मोकळे, ते लोंबत लोंबत आपोआप चालतात आणि त्यांचं चालणं बघून अजिबात वाटत नाही की ते कुणी चालवत नाही. सज्जनांच्या चेहऱ्याचं कातडं जवळजवळ सगळं कापून काढतात, कपाळापासून हनुवटीपर्यंत केसाएवढी एक रेघ आणि भुवई-डोळ्याची दुसरी, बस्स. त्यामुळे नायिकेचा चेहरा म्हणजे उजेडच. खलनायक आणि विदूषकांना भरीव चेहरे. मुंडकी सुटी असतात, एकाच धडावर आज सेनापती, उद्या राजा. रात्री ती काढून वेगळी ठेवायची रीत आहे. धडाला मुंडकं लावून ठेवलं तर बाहुली जिवंत होऊन उठेल ही भीती.

पिंगुळीच्या बाहुल्या त्या मानाने साध्या, आकृती बहुतेक अखंड, सांध्यांचा सोस नाही. पण पडद्याचा कायदा दोन्हीकडे एकच. बाहुली कापडाला टेकवली की कडा सुरीसारखी. दिव्याकडे सरकवली की सावली मोठी होते आणि कडा विरघळतात, कारण ज्योत हा बिंदू नाही, तिला जाडी आहे, आणि ज्योतीच्या प्रत्येक भागाची सावली थोड्या वेगळ्या जागी पडते. राक्षस एकाएकी वाढवायचा किंवा देव अंतर्धान पावायचा, तर यंत्र काही लागत नाही. हात मागे घ्यायचा.

या कलेचं पुढे काय होतं, ते झांग यीमोच्या ‘टू लिव्ह’ या १९९४ च्या चित्रपटात दिसतं. नायक फूक्वेई जुगारात घर हरतो आणि जिंकणाऱ्याकडूनच बाहुल्यांची पेटी उसनी घेऊन सावल्यांचे खेळ करत जगतो. यादवी युद्धात ती पेटी त्याला वाचवते. सांस्कृतिक क्रांतीत बाहुल्या जुन्या जगाच्या म्हणून जाळाव्या लागतात. यू ह्वाच्या मूळ कादंबरीत हा खेळ नाहीच. दिग्दर्शकाने तो घातला आणि माझ्या मते चित्रपट उभा त्यावरच आहे. कानच्या महोत्सवात त्याला मोठं पारितोषिक मिळालं, चीनमध्ये प्रदर्शनाची परवानगी मिळाली नाही. पिंगुळीत कुणी पोथ्या जाळल्या नाहीत. इथे प्रेक्षकांनीच नुसती पाठ फिरवली. परशुराम गंगावणे यांनी २००६ साली घरच्या गोठ्यात ठाकर आदिवासी कला आंगण हे संग्रहालय सुरू केलं, २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मधली पंधरा वर्षं म्हणजे गुरांच्या जागेत ठेवलेल्या पोथ्या आणि बाहुल्या, आणि त्या बघायला कुडाळ स्टेशनावर उतरून येणारे थोडे लोक.

राहता राहिलं ते माकड. ह्युएन त्संगाच्या प्रवासाची चीनमध्ये दंतकथा झाली, दंतकथेची नाटकं झाली आणि १५९२ साली शंभर अध्यायांची कादंबरी छापली गेली, ‘पश्चिमेची यात्रा’. तीत आपल्याला भेटून गेलेला धट्टाकट्टा भिक्षू घाबरट, रडवा झालाय आणि त्याचं रक्षण करतो सुन वुखोंग नावाचा वानर, जो बहात्तर रूपं घेतो, ढगावरून उडतो आणि देवांशी दोन हात करतो. हा मारुतीच, असं १९२० च्या दशकात हू शी या विद्वानाने सुचवलं. लेखक लू शूनला ते मान्य नव्हतं, त्याच्या मते हे बेणं अस्सल चिनी, नदीतल्या जुन्या माकडराक्षसाचं. छ्वानझौ या बंदरातल्या तेराव्या शतकातल्या दगडी स्तूपावर एक शस्त्रधारी वानर कोरलेला आहे, आणि त्याच बंदरात तमिळ व्यापाऱ्यांच्या शिवमंदिराचे दगड सापडलेत. एवढ्याने शाबित काही होत नाही. जीव मात्र खेचला जातो.

म्हणून कार्यक्रमाचा क्रम मी असा लावीन. व्याख्यान अर्ध्या तासाचं, त्याहून जास्त नको. मग पिंगुळीकरांचं लंकादहन. आणि शेवटी ‘आयर्न फॅन प्रिन्सेस’, १९४१ साली युद्धाने घेरलेल्या शांघायमध्ये वान बंधूंनी केलेला चीनचा पहिला पूर्ण लांबीचा कार्टूनपट. गोष्ट वाटेतल्या ज्वालापर्वताची. यात्रा अडते, सुन वुखोंगला एका राणीकडून जादूचा पंखा मिळवायचा असतो. पहिल्यांदा ती खोटा पंखा देते, वारा घालताच आग आणखी भडकते. तेव्हा एका वानराने शेपटीने नगर पेटवल्यावर लगेच दुसरा वानर डोंगर विझवताना रत्नागिरीकरांना बघता येईल. कादंबरी वाचलेला एखादा प्रेक्षक तिथे असलाच, तर तो शेजाऱ्याच्या कानात सांगेल, की हा डोंगरही पेटवलेला त्यानेच होता. स्वर्गात भट्टी लाथाडली तेव्हा तिच्या तापलेल्या विटा खाली पडल्या होत्या.